मरण आणि मर्जी



वसंत ऋतूत, झाडांना नवी पालवी फुटत असताना, व्याख्यात्याने मरणाचा विषय घेऊन उभे राहावे हे थोडे विपरीतच आहे. विषय कळवला तेव्हा व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावर जी छटा उमटली, ती मी विसरणार नाही. तथापि ज्या गावी आपण जमलो आहोत, त्या गावाचे इतिहासातले मोठे नाव एका मृत्यूशीच बांधलेले आहे. पेठ वडगाव हे बाजाराचे गाव. येथे बैल विकायला आलेला शेतकरी दातांवरून वय ओळखतो आणि पुढे किती वर्षे काम होईल याचा अंदाज बांधतो. माणसाच्या आयुष्याचा असा अंदाज बांधता येत नाही, आणि मराठी राज्याचे सेनापती धनाजी जाधवराव यांनाही तो बांधता आला नाही. त्यांची समाधी आपल्या गावात आहे. आजच्या विचाराला मी तेथूनच सुरुवात करणार आहे.

धनाजीरावांच्या पराक्रमाच्या कथा तुम्हांला पाठ आहेत. मोगलांची घोडी पाण्याला तोंड लावीनात, तेव्हा त्यांना पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय असे मोगल स्वार विचारीत, ही आख्यायिका न ऐकलेला मुलगा या भागात सापडायचा नाही. मला त्यांच्या शेवटच्या सव्वा वर्षाविषयी बोलायचे आहे. मार्च १७०७ मध्ये अहमदनगरच्या छावणीत औरंगजेब वारला. सगळे आयुष्य सत्ता वाढवण्यात घालवलेल्या या बादशहाला खुलदाबादेत पुरले, ते उघड्या आकाशाखाली, साध्या मातीच्या कबरीत. इच्छा त्याची स्वतःची तशीच होती. तो गेल्यावर काही आठवड्यांतच शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटले आणि मराठ्यांना दोन छत्रपती झाले. ताराबाईंनी धनाजीरावांना शाहूंवर पाठवले. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी खेडच्या रणात सेनापती शाहूंना जाऊन मिळाले आणि पारडे फिरले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला. त्यानंतर शाहूंच्या फौजा इकडे आपल्या मुलखात उतरल्या, पन्हाळा घेतला, ताराबाईंना मागे सरावे लागले. या मोहिमेवरून परतताना, १७०८ च्या जूनमध्ये, वारणेच्या या खोऱ्यात वडगावी सेनापतींचे प्राणोत्क्रमण झाले.

कशाने? तलवारीने नाही, तोफेच्या गोळ्याने नाही. पायाची जखम चिघळली होती, ती कित्येक दिवस बरी होईना, आणि तिनेच शेवटी त्यांना नेले. तीस वर्षे ज्या माणसाने मरण समोर ठेवून घोडे फेकले, त्याला मरण आले ते अंथरुणावर. त्याचा जोडीदार संताजी घोरपडे १६९७ साली आपल्याच माणसांच्या वैराला बळी पडला होता, आणि त्या वैरात धनाजीरावांचा वाटा नव्हता असे इतिहासाला म्हणता येत नाही. एकाला दगा मिळाला, दुसऱ्याला दुखणे. वीराचे मरण म्हणतात ते दोघांपैकी एकालाही लाभले नाही.

घराण्याच्या इतिहासात आणखी एक गोष्ट सांगितलेली आहे. धनाजीरावांच्या पत्नी गोपिकाबाई त्यांच्याबरोबर सती गेल्या. म्हणजे वडगावने त्या पावसाळ्याच्या तोंडी दोन मृत्यू पाहिले. एक न मागता आला. दुसरा, निदान लोकांच्या म्हणण्याप्रमाणे, मागून घेतला. या दोन मृत्यूंमध्ये काय फरक आहे, आणि मागून घेतलेला मृत्यू खरोखर कोणी मागितलेला असतो, हा आजचा माझा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांनी या प्रश्नाची उत्तरे पोथ्यांत लिहिण्याआधी दगडांत कोरून ठेवली. करवीर भागातल्या बीड गावी गेलात तर वीरगळांची रांगच पाहायला मिळते. वीरगळ वाचायचा तो खालून वर. तळाच्या चौकटीत लढाई असते, पुष्कळदा पळवून नेलेली गुरे सोडवण्याची. त्यावर अप्सरा वीराला स्वर्गी नेत असतात. त्याच्याही वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो. आणि माथ्यावर चंद्रसूर्य, ते आहेत तोवर कीर्ती राहील म्हणून. दुसरा दगड सतीचा. त्यावर बाईची आकृती क्वचित असते. बहुधा कोपरात वळलेला, बांगड्या भरलेला एक हात तेवढा. पुरुषाची सगळी कथा तीन चौकटींत सांगणाऱ्या पाथरवटाने बाईचा फक्त हात कोरला आणि त्या हातातल्या चुड्यावर विषय संपवला. याचा अर्थ तुमचा तुम्ही लावा. तिसरा दगड निषिधीचा. तो आपल्या दक्षिणेला, श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर शेकड्यांनी आहे. अन्नपाणी क्रमाने सोडून ज्यांनी देह ठेवला, त्यांची नावे त्यावर आहेत. त्यांत मुनी आहेत, आर्यिका आहेत, गृहस्थ आहेत आणि राजेही आहेत. राष्ट्रकूट घराण्याचा शेवटचा राजपुरुष चौथा इंद्र याने ९८२ साली तेथेच सल्लेखनेने देह सोडला.

पहिल्या दगडाविषयी फार बोलत नाही. लढाईत मरणारा मरणाची इच्छा करीत नाही, तो जिंकण्याची इच्छा करतो. मरण ही त्या व्यवहारातली जोखीम असते. खरा वाद दुसऱ्या आणि तिसऱ्या दगडाचा आहे. दोन्हींवर आपण एकच शब्द लिहितो : स्वेच्छामरण. हा शब्द दोन्ही ठिकाणी सारखा खरा आहे का?

सतीच्या बाबतीत मराठ्यांचा इतिहास आपल्याला वाटतो तितका एकसुरी नाही. जानेवारी १६६४ मध्ये शहाजीराजे कर्नाटकात वारले, तेव्हा जिजाबाई सती जाण्यास निघाल्या आणि शिवाजी महाराजांनी आणाशपथा घालून त्यांना थांबवले, असे बखरीत आहे. त्या त्यानंतर दहा वर्षे जगल्या. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि अकराव्या दिवशी, १७ जूनला, त्या गेल्या. पुढे १७०० च्या मार्चमध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले. त्यांची एक राणी अंबिकाबाई आपल्या विशाळगडावर सती गेली. दुसरी राणी ताराबाई सती गेली नाही. तिचे वय तेव्हा पंचविशीचे. तिने लहान मुलाला गादीवर बसवले आणि सात वर्षे औरंगजेबाशी झुंज दिली. ज्या मोहिमांत धनाजीरावांचे नाव झाले, त्यांतल्या कित्येक या विधवेच्या हुकमाने निघालेल्या होत्या. दोघी एकाच माणसाच्या बायका होत्या आणि धर्मशास्त्र दोघींना एकच होते. तेव्हा सती जाणे हा त्या काळचा अटळ नियम होता असे जे आपण सांगतो, ते बरोबर नाही. नवव्या शतकातल्या मेधातिथीने मनुस्मृतीवर भाष्य करताना सतीला स्पष्ट विरोध केला होता. त्याने तिची तुलना शत्रूच्या नाशासाठी करायच्या श्येनयागाशी केली : विधान सापडले तरी ते धर्म होत नाही, कारण आत्मघात पुरुषाला वर्ज्य तसा स्त्रीलाही वर्ज्य. शास्त्री म्हणून नावाजलेला माणूस हे बोलून गेला होता. ऐकणारे कमी पडले.

आता एक प्रसंग सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा त्यात आहे.

१५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यास शाहू महाराज वारले. त्यांना पुत्र नव्हता. ताराबाई, तीच ताराबाई, आता म्हातारी झालेली, पुढे आली आणि रामराजा हा आपला नातू असल्याचे सांगू लागली. शाहूंची राणी सकवारबाई हिला हे मान्य नव्हते. तिचा कल आपल्या कोल्हापूरच्या संभाजी महाराजांना गादीवर आणण्याकडे होता. ग्रांट डफ या साताऱ्याच्या इंग्रज रेसिडेंटाने १८२६ साली छापलेल्या आपल्या इतिहासात पुढची हकीकत दिली आहे. आपल्या हालचालींचा संशय येऊ नये म्हणून सकवारबाई आधीपासून बोलून दाखवीत असे, की महाराजांचे बरेवाईट झाले तर मी सती जाणार. जी बाई सती जाणार, ती राजकारण कशाला करील? असा तो डाव होता. पण समोर बाळाजी बाजीराव पेशवा होता. महाराज गेल्यावर त्याने राणीकडे अत्यंत अदबीचा निरोप पाठवला : आपण सती जाण्याचा विचार कृपा करून सोडावा, आमचे छत्र हरपू नये. आणि इकडे तिच्या माहेरच्या शिर्क्यांना त्याने बजावले, की बाईसाहेबांनी एवढे बोलून आता माघार घेतली तर घराण्याच्या तोंडाला काळे लागेल. भावाने बहिणीला गळ घातली. माहुलीच्या संगमावर चिता रचली गेली आणि सकवारबाई तीवर चढली.

डफ हा परक्या सरकारचा माणूस, त्याच्या प्रत्येक वाक्यावर विसंबू नये, हे मला मान्य आहे. पण या प्रसंगाची मेख त्याच्या रंगवण्यात नाही. सकवारबाई सती गेली ती स्वेच्छेने, असे त्या दिवशी नदीकाठी उभ्या असलेल्या हजार माणसांनी शपथेवर सांगितले असते. तिने स्वतःच्या तोंडाने चारचौघांत जाहीर केले होते. पेशव्याने तर तिला अडवले होते! शब्द पाहिले तर सगळी मर्जी तिची, आणि वस्तुस्थिती पाहिली तर मर्जी नावाची चीज तेथे शिल्लकच नव्हती. तिची परतीची वाट तिच्याच शब्दांनी बुजवली होती आणि भावाने तीवर शेवटचा दगड ठेवला. म्हणून मी असे म्हणतो, की मरणाच्या बाबतीत माणूस “हो” म्हणाला का, एवढे विचारून भागत नाही. त्याला “नाही” म्हणता येत होते का, आणि “हो” म्हटल्यावरही मागे फिरता येत होते का, हे विचारले पाहिजे.

हाच प्रश्न घेऊन तिसऱ्या दगडाकडे वळू. आज या सभेत जैन बंधुभगिनी पुष्कळ आहेत. हातकणंगले, शिरोळ, चिकोडी हा सारा पट्टाच जैन शेतकऱ्यांचा आहे. सल्लेखनेविषयी त्यांच्यासमोर मी बोलणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे होय. पण बाकीच्यांच्या मनात त्या शब्दाविषयी फार घोटाळा आहे, म्हणून थोडे बोलतो.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात सल्लेखना केव्हा करावी याच्या अटी आहेत : टाळता न येणारे संकट, दुष्काळ, म्हातारपण किंवा उपाय नसलेला रोग. यांपैकी काही आले आणि धर्म पाळणेच अशक्य झाले, तर देह सोडावा. सर्वार्थसिद्धीकार पूज्यपादांनी ही आत्महत्या का नव्हे हे सांगताना जो दृष्टान्त दिला, तो बाजारपेठेच्या गावाला चटकन पटेल. व्यापाऱ्याचे माल भरलेले कोठार असते. ते जळावे असे त्याला कधीच वाटत नाही. आग लागली तर तो आधी ती विझवायची शिकस्त करतो. विझत नाही असे दिसले, की कोठाराचा मोह सोडून आतला माल बाहेर काढतो. देह हे कोठार, व्रते हा माल. कोठाराला स्वतः आग लावणारा तो व्यापारी नव्हे.

याहून नाजूक गोष्ट तत्त्वार्थसूत्रात आहे. सल्लेखना घेतलेल्याने टाळावयाचे पाच दोष तेथे सांगितले आहेत. आणखी जगावे असे वाटणे हा पहिला दोष. त्यात नवल नाही. पण दुसरा दोष कोणता? लवकर मरावे असे वाटणे! मरणाची इच्छा हाच मरणव्रतातला दोष ठरवणारे शास्त्र मला दुसरे ठाऊक नाही. मित्रांची ओढ, भोगलेल्या सुखांची आठवण आणि पुढच्या जन्मी अमुक मिळावे ही वासना, हे बाकीचे तीन. म्हणजे दुःखाला कंटाळून, रागाने, कोणाला शासन व्हावे म्हणून किंवा स्वर्ग हवा म्हणून जो अन्न सोडील, तो या व्रतात नापास.

आणि हे व्रत एकट्याने घ्यायचे नाही. गुरूची अनुज्ञा लागते. गुरू “नाही” म्हणू शकतो. ज्या समंतभद्रांनी असाध्य रोगाची अट घातली, त्यांची स्वतःची कथाच पाहा. त्यांना भस्मक रोग झाला, कितीही खाल्ले तरी भूक शमेना, मुनिधर्म पाळणे अशक्य झाले. त्यांनी गुरूंकडे सल्लेखनेची अनुज्ञा मागितली. गुरूंनी ती नाकारली. तुझ्या हातून अजून मोठे कार्य व्हायचे आहे, मुनिवेश काही काळ सोड, रोग बरा कर आणि परत ये, असे सांगितले. समंतभद्रांनी तसे केले, बरे झाले आणि पुन्हा दीक्षा घेतली. कथा दंतकथा असेल. पण कोणत्या समाजाने कोणती दंतकथा जपली यालाही अर्थ असतो. मरणाचे लक्षण लिहिणाऱ्यालाच मरणाची परवानगी नाकारली गेली, ही गोष्ट जैनांनी अभिमानाने सांभाळली. आपल्या शेजारच्या कुंभोजच्या बाहुबलीवर १९३४ साली ज्यांनी ब्रह्मचर्याश्रम काढला आणि खेड्यांतल्या मुलांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचले, त्या मुनींचे नावही समंतभद्रच होते.

नियम झाले. प्रत्यक्षात काय घडते? आपल्या भागातलेच उदाहरण घेऊ. दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावरच्या भोज गावचे सातगौडा पाटील पुढे आचार्य शांतिसागर महाराज झाले. दिगंबर मुनींची जवळजवळ लोपलेली परंपरा त्यांनी उभी केली आणि पायी चालत उत्तर हिंदुस्थानपर्यंत नेली. वयाच्या ऐंशीनंतर त्यांची दृष्टी गेली. तुमच्या-माझ्या दृष्टीने आंधळेपण हे काही मरणाचे कारण नव्हे. पण मुनीने चार हात जमीन पाहून पाऊल टाकायचे असते, ओंजळीतला घास किडामुंगी नाही ना हे पाहून तोंडी घालायचा असतो. डोळे गेले म्हणजे अहिंसाच गेली. १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरीवर त्यांनी सल्लेखना सुरू केली. आधी अन्न सोडले, मग पाणीही सोडले. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, त्यांनी मराठीतून शेवटचा उपदेश केला. तो ध्वनिमुद्रित झालेला आहे. १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, देह ठेवला.

आता मी माझ्याच प्रश्नाला भिऊन चालणार नाही. दर्शनाला हजारो माणसे डोंगर चढत होती, वर्तमानपत्रे रोजचा दिवस मोजत होती. विसाव्या दिवशी त्या वृद्धाने “मला थोडे दूध द्या” म्हटले असते तर? माहुलीच्या संगमावर गर्दी होती, कुंथलगिरीवरही गर्दी होती. फरक उरतो कोठे? फरक पुष्कळ आहे, असे माझे मत आहे. माहुलीला निर्णय आणि शेवट यांच्यामध्ये काही घटका होत्या. कुंथलगिरीला छत्तीस दिवस होते, आणि माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर बोलत होता. राणीच्या मरणात पेशव्याचा लाभ होता. मुनीच्या मरणाने कोणाला गादी मिळायची नव्हती, कोणाची जमीन मोकळी व्हायची नव्हती. पण गर्दीचा दाब दोन्हीकडे होता, हे नाकारण्यात शहाणपण नाही. मुनी तो पेलू शकतो, कारण त्याने आयुष्यभर तीच तालीम केलेली असते. एखाद्या घरातल्या म्हाताऱ्या आजीने व्रत घेतले, दारात मांडव पडला, पाव्हणे गोळा झाले आणि मग तिला भूक लागली, तर ती बोलेल काय? ज्या समाजाला हे व्रत पवित्र वाटते, त्याने या आजीची चिंता सर्वांत आधी केली पाहिजे. आजीने दूध मागितले तर तो घराचा अपमान नव्हे, एवढे वातावरण तरी हवे.

वैदिक परंपरेत प्रायोपवेशन होते, महाप्रस्थान होते, अतिवृद्धांनी कड्यावरून किंवा अग्नीत देह टाकण्याची मुभाही होती. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हे सगळे मांडलेले आहे. पुढे निबंधकारांनी कलिवर्ज्यांची यादी केली, तीत महाप्रस्थान आणि वृद्धांचे हे देहपतन या दोन्ही गोष्टी बंद केल्या. ही यादी करणारे लोक पुष्कळदा सनातनी म्हणून हिणवले जातात. येथे मात्र त्यांनी, मला वाटते, माणसांचा स्वभाव नीट ओळखला होता. म्हाताऱ्याला कड्यापर्यंत सोबत करणारे हात नेहमीच निःस्वार्थी नसतात. आळंदीची परंपराही एकाच घरात दोन मरणे सांगते. ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली भरल्या संतमेळ्यात समाधी घेतली, तिच्या वर्णनाने नामदेवांचे अभंग भिजलेले आहेत. पण त्याच घरातल्या आईबापांनी, विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी, मुलांची मुंज व्हावी म्हणून ब्रह्मसभेने सांगितलेले देहान्त प्रायश्चित्त घेतले. समाधीचा सोहळा आपण सात शतके करीत आहो. त्या आईबापांच्या मरणाला कोणती तिथी?

विसाव्या शतकात हा विषय पुन्हा आपल्या अंगणात आला. सावरकरांनी आत्महत्या आणि आत्मार्पण यांत भेद करणारा लेख लिहिला. जीवनकार्य संपले, देह निरुपयोगी झाला, अशा वेळी शांतपणे तो सोडणे ही आत्महत्या नव्हे, अशी त्यांची मांडणी. त्याप्रमाणे त्यांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न-औषध सोडले आणि २६ तारखेला, ब्याऐंशीव्या वर्षी, ते गेले. विनोबांची वृत्ती सर्वस्वी निराळी. नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला त्यांना हृदयविकाराचा झटका आला; प्रकृती थोडी सुधारते आहे असे डॉक्टर म्हणत असतानाच त्यांनी अन्न, पाणी, औषध घेणे थांबवले. पंतप्रधान इंदिरा गांधी पवनारला भेटून गेल्या. पुष्कळांनी विनवले. विनोबांनी ऐकले नाही, आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीत, महावीरांच्या निर्वाणदिनी, त्यांनी प्राण सोडला. जैनांच्या सर्व पंथांना मान्य होईल असे समणसुत्त हे संकलन ज्यांच्या आग्रहाने १९७४ साली सिद्ध झाले, त्यांना हा दिवस मिळावा हा योगायोग मला नेहमी विचार करायला लावतो.

या मोठ्या नावांमागे एक धोका आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी आपले आयुष्य संपवले. ज्यांनी आम्हांला रडायला आणि माणसांवर प्रेम करायला शिकवले, त्यांच्या मरणालाही काहींनी आत्मार्पणाचा शेला पांघरला. मला तो पांघरवत नाही. पन्नाशीतल्या त्या माणसाचे कार्य संपले नव्हते. मन मात्र खचले होते. पूज्यपादांच्या दृष्टान्तात सांगायचे, तर कोठार शाबूत होते आणि आग विझवता येण्याजोगी होती. विझवायला जवळ माणसे हवी होती. कर्जाने गांजलेला शेतकरी, परीक्षेत हरलेला मुलगा, सासरी पिचलेली सून यांच्या मरणाला तत्त्वज्ञानाचे नाव देणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय आहे.

कायद्यालाही हा भेद करताना पुष्कळ ठेचा लागल्या. १८६० च्या दंडसंहितेत आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता. जो मरणापासून वाचला, त्याला तुरुंग. मुंबईच्या एका पोलीस शिपायाला अपघातानंतर मनाचा आजार जडला, त्याने स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला आणि त्याच्यावर खटला भरला गेला. १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालय १९९४ साली तसेच म्हणाले आणि १९९६ साली पाच न्यायमूर्तींनी उलट म्हटले : जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क नाही, मात्र सुरू झालेले मरण सन्मानाने पार पडू देणे वेगळे. १० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्याच असे ठरवले. देशभर जैन समाज मूकपणे रस्त्यावर उतरला, आणि त्याच महिन्याच्या ३१ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने असे मानले, की जीव द्यायला निघालेला माणूस तीव्र मानसिक ताणाखाली असतो, त्याला शिक्षा नव्हे, शुश्रूषा हवी. सतीच्या बाबतीत तर १८२९ चा बंगालचा कायदा असूनही १९८७ साली राजस्थानात देवराळ्याला चिता पेटलीच, आणि त्यानंतर तिचे उदात्तीकरण करणे हादेखील गुन्हा ठरवावा लागला.

आणि आता आपल्या घरातली गोष्ट. पूर्वी घरात मरण येई ते माजघरात. तोंडात गंगाजळ पडे, उशाशी माणसे असत. आज ते पुष्कळदा रुग्णालयाच्या काचेआड येते. नाकातोंडात नळ्या, श्वासाचे यंत्र, आणि बाहेर बाकावर बसलेला मुलगा. डॉक्टर त्याला विचारतात, यंत्र चालू ठेवायचे की काढायचे? त्या मुलाच्या मनात बापाची माया असते, बिलाची धास्ती असते, आणि लोक काय म्हणतील ही भीतीही असते. तो सकवारबाईचा भाऊ नव्हे, पण तिच्या भावाच्या जागी परिस्थितीने त्याला आणून बसवलेले असते. ज्याचे मरण आहे तो बोलू शकत नाही, आणि जे बोलू शकतात त्यांचे मरण नसते. धनाजीरावांच्या छावणीत हा प्रश्न उद्भवला नव्हता. वैद्याचे लेप संपले, की मार्ग एकच होता.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कोंडीवर एक तोड काढली. शुद्धीवर असतानाच माणसाने लिहून ठेवावे, की मी बरा होण्यापलीकडे गेलो तर मला यंत्रांवर ताटकळत ठेवू नये. त्यावेळी कार्यपद्धती फार किचकट होती, दंडाधिकाऱ्यापर्यंत जावे लागे. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर कागद होतो. डॉक्टरांची एक मंडळी पाहते, मग दुसरी पाहते, आणि मगच पुढचे पाऊल पडते. त्या निकालातली एक तरतूद वाचताना मला समंतभद्रांचे गुरू आठवले आणि माहुलीचा संगमही आठवला. कागद करणारा शुद्धीवर आहे तोवर तो आपला कागद कोणत्याही क्षणी, लेखी कळवून, मागे घेऊ शकतो.